शिवकन्या कुणाची, याबाबत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा हिंगोली.

अर्जदार : संतराम किसनराव पडोळे, धंदा शेती, रा. शेवरवाडी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

विषय : हरवलेली मुलगी शिवकन्या, वय सतरा, हिच्या नात्याबाबत अर्जदाराने दिलेले पूर्वीचे जबाब बाजूला ठेवून अर्जदाराचे व त्याच्या पत्नीचे रक्त तपासणीस घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला जबाब. २) अर्जदाराचा दुसरा जबाब, जो पहिल्याशी जुळत नाही. ३) प्रेत ओळखतेवेळचा जबाब, जो कुणालाच पटला नाही.

महोदय,

१. सविनय अर्ज करण्यात येतो की, सदर अर्ज कळमनुरीस तहसीलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जलेखक हरिचंद याने अर्जदाराच्या तोंडून ऐकून लिहिला आहे. अर्जदारास सही येते, पण सरकारी भाषा येत नाही. लिहिणाऱ्यास सरकारी भाषा येते, पण राग गिळता येत नाही. तरी मजकुरात कुठे तिखट शब्द आढळल्यास तो लिहिणाऱ्याचा समजावा, त्याची शिक्षा अर्जदारास होऊ नये. तसेच यापुढे अर्जदारास संतराम असेच लिहिले आहे, कारण 'अर्जदार' म्हटले की माणूस दिसेनासा होतो, आणि गेले चार-पाच महिने या माणसाकडे माणूस म्हणून कुणी पाहिलेले नाही.

२. संतराम व त्याची पत्नी मंजुळाबाई यांना शिवकन्येच्या आधी दोन लेकरे झाली. पहिला मुलगा पाचवी पुजायच्या आधीच गेला. दुसरी मुलगी दात यायच्या सुमारास गेली. तिसऱ्या खेपेस मंजुळाबाईच्या सासूने सांगितले की, सटवाईला या घराची वाट पाठ झाली आहे, आता जे होईल ते लेकरू या घराचे ठेवायचे नाही. म्हणून बारशाच्या दिवशी पोरीला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवण्यात आले. शेजारच्या तांड्यावरील पारुबाई रूपसिंग आडे ही आली, तिने सूपभर ज्वारी मोजून दिली व पोर विकत घेतली. पदराखाली झाकून ती तांड्यावर घेऊन गेली. दिवस मावळायच्या आत मागच्या दाराने परत येऊन तिने पोर मंजुळाबाईच्या मांडीवर दिली व म्हणाली, "बाई, पोरगी माझी हाय. तू नुस्ती दूध पाज."

अशा विकलेल्या लेकराचा नियम असा आहे की, लग्नाच्या दिवशी आईबापाने तेवढीच ज्वारी देऊन लेकरू परत घ्यायचे. तोवर तोंडाने 'माझं' म्हणायचे नाही. शाळेत, आधारकार्डावर बापाचे नाव लागले तर चालते, सटवाई कागद वाचत नाही. बोललेले मात्र ऐकते. साहेब शिकलेले आहेत, साहेबांना हसू येईल. लिहिणाराही ऐकताना हसला होता. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि ज्याची दोन गेली तो माणूस तिसऱ्या लेकरासाठी काय काय पाळील, हे टेबलामागे बसून सांगता येत नाही.

३. नियम पाळला म्हणून म्हणा की नशिबाने म्हणा, पोरगी जगली. चांगली खणखणीत जगली. मंजुळाबाईला ती आई म्हणायची, पारुबाईला तांड्याच्या बोलीतली आई, म्हणजे याडी म्हणायची, आणि संतरामला दादा. दर होळीला पारुबाई तिच्या डाव्या पायात काळा दोरा बांधी, त्यात एक कवडी ओवलेली असे. पोरगी टायफॉइडने फणफणली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, बाप कोण? संतराम म्हणाला, "बाप न्हाई, पोरगी पारुबाईची हाय, मी नुस्ता घेऊन आलो." डॉक्टर रागावले, पोरगी बरी झाली. तेव्हापासून संतरामची खात्रीच पटली.

मोठी झाल्यावर शिवकन्या मुद्दाम बापाला छळी. ताटावर बसली की विचारी, "दादा, मी कोणाची?" संतराम म्हणे, "पारुबाईची." "मंग मला भाकर काहून देता? जाऊ का तांड्यावर?" आणि हसत सुटे. बाप खाली मान घालून जेवत राही. हे लिहिण्याचे कारण एवढेच की, नंतर जे घडले ते या घरात रोजचे बोलणे होते.

४. फाल्गुनात, गावात हळद शिजवायचे दिवस असताना, शिवकन्या बारावीच्या पेपरला कळमनुरीस गेली. संध्याकाळी जगन याच्या रिक्षातून ती कालव्याच्या पुलाजवळ उतरली, असे जगन सांगतो. पुलावरून डावीकडची वाट शेवरवाडीची, उजवीकडची तांड्याची. ती दोन्ही वाटांनी आली नाही. संतरामला वाटले, पारुबाईकडे गेली असेल. पारुबाईला वाटले, आईकडे असेल. दोन घरची पोरगी, जिथे भूक लागेल तिथे जेवायची, असे पूर्वी कितीदा झाले होते. शिवाय हळद शिजवायचे यंत्र गावात पाळीने फिरते आणि त्या दिवशी पाळी संतरामची होती, त्यामुळे तो भट्टीपासून हलला नाही. सकाळी पारुबाई दूध घेऊन आली आणि म्हणाली, "पोरगी उठली का न्हाई अजून?" तेव्हा दोघी बायांनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले, आणि मंजुळाबाई खाली बसली.

५. संतराम अंगावरच्या कपड्यानिशी ठाण्यात गेला. कोणते ठाणे, ते लिहू नका असे तो सांगतो, कारण त्याला कुणाची तक्रार करायची नाही. तेथे हवालदार साहेबांनी विचारले, "मुलगी तुझीच ना?" प्रश्न साधा होता, कुणीही विचारील असा. पण संतरामच्या मनात त्या घडीला एकच होते की, पोरगी संकटात आहे, आणि असल्याच वेळी सटवाई कान देऊन बसते. इतकी वर्षे जे पाळले ते नेमके आज मोडायचे? त्याने हात जोडले आणि म्हणाला, "न्हाई साहेब. पोरगी पारुबाईची हाय. आमी इकली होती. आमी नुस्ती सांभाळून राहिलो."

"विकली? कशाला विकली?"

"सूपभर जवारीला."

हवालदार साहेबांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. कधी विकली, का विकली, विकलेली पोर तुझ्याच घरी कशी, एवढे कुणी धीराने विचारले असते तर! अर्थात विचारले असते तरी संतराम बोलला असता की नाही, हे लिहिणारा छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ती विक्री खोटी होती असे बोलणे म्हणजे सटवाईला इतकी वर्षे फसवले असे तिच्यादेखत कबूल करणे. पोर हाती नसताना ते धाडस कोणता बाप करील?

६. दुपारपर्यंत ओमप्रकाश नावाचा मोबाइलवाला बातमीदार ठाण्याच्या आवारात हजर झाला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. 'सूपभर ज्वारीसाठी बापानेच विकली पोटची पोर' अशी चित्रफीत संध्याकाळच्या आत जिल्हाभर फिरली. तीत संतरामचे हात जवळून दाखवले आहेत, कोपरापर्यंत पिवळे, आणि मागून आवाज येतो की, बघा, अंगाची हळदसुद्धा निघालेली नाही, म्हणजे पोरीचे गुपचूप लग्न लावून दिले! साहेब, हळदीच्या हंगामात ज्याचे हात पिवळे नाहीत असा एक शेतकरी या जिल्ह्यात कुणी दाखवावा, लिहिणारा आपली टेबल-खुर्ची त्याला देऊन घरी जाईल. पण हेच लोक, स्वतःच्या पिवळ्या हातात मोबाइल धरून, ती चित्रफीत पाहत होते आणि पुढे पाठवत होते.

त्यानंतर तोंडाला कुलूप राहिले नाही. कुणी म्हणे राजस्थानात विकली, कुणी म्हणे मुंबईला. पोरगी गेली अन् बाप हळद शिजवत बसला, हे तर शेंबड्या पोरालाही पाठ झाले. गुप्तधनासाठी बळी दिला असेही एकाने सोडून दिले, मग घराचा उकिरडा उकरण्यात आला. त्यात फुटकी गाडगी निघाली. मंजुळाबाई रडत नाही, हाही मोठा पुरावा ठरला. "आई असती तर छाती पिटली असती," असे बाया पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल असे बोलल्या. आता त्या बायांना कुणी सांगावे की, जित्या लेकरामागे रडत नाहीत, रडले की ते मेल्यात जमा होते, हे त्यांच्याच आयांनी त्यांना शिकवले आहे? मंजुळाबाई रडली नाही, कारण ती वाट पाहत होती. गिरणीवाल्याने तिचे दळण घेणे बंद केले. ती आता घरी जात्यावर दळते.

७. पुढे शाळेचे कागद व आधारकार्ड पाहून संतरामला पुन्हा बोलावण्यात आले. कागदावर बाप तूच आहेस, मग पोरगी पारुबाईची कशी? तो म्हणाला, "कागदावर माझं नाव हाय साहेब, पण पोरगी तिचीच." झाले. बाप पलटला, बापाने खोटे कागद केले, असे तपासात भरले गेले. पारुबाईला व तिचा नवरा रूपसिंग याला लेकरू विकत घेणारे म्हणून ठाण्यात बसवून ठेवण्यात आले. रूपसिंगने काय सोसले ते तो सांगत नाही, पण तेव्हापासून त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येते. पारुबाईला सुटायचे असते तर एका वाक्यात सुटली असती. "साहेब, ती नुस्ती रीत हाय, पोरगी मंजुळाची हाय," एवढे म्हणायचे होते. ती म्हणाली, "माझी हाय. मीच घेतली." पुन्हा पुन्हा विचारले, तिने तेच सांगितले. लिहिणाऱ्याने तिला नंतर विचारले, काहून गं बाई? तिने उत्तर दिले, "मी न्हाई म्हणलं असतं अन् तिकडं पोरीला काई झालं असतं मंग?"

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडली. पुलाचा शोध. जगनला एकदाच विचारण्यात आले. विकलेल्या पोरीला कालव्यात कोण शोधणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर होता की नाही हेही कुणी पाहिले नाही.

८. काही आठवड्यांनी कालव्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, जाळीला एका मुलीचे प्रेत लागले. पाण्याने चेहरा राहिला नव्हता. कपडे ओळखण्याजोगे राहिले नव्हते. संतरामला नेण्यात आले. त्याने फक्त डावा पाय पाहिला. दोरा नव्हता. दोरा गळून पडायचा म्हटला तर पारुबाईची गाठ अशी की, दर होळीला जुना दोरा विळ्याने कापावा लागे. तो म्हणाला, "ही न्हाई." आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. तेही कुणीतरी मोबाइलात धरले. प्रेतापुढे हसणारा बाप! त्या हसण्याने त्याचे उरलेसुरले गावही तुटले.

ठाण्याला त्याच्या 'न्हाई'वर विश्वास नव्हता, म्हणून रक्त जुळवून पाहायचे ठरले. संतरामला सांगितले, रक्त दे. तो म्हणाला, "माझं कसं घेता? पारुबाईचं घ्या." जबाबांतही आई पारुबाईच होती. पारुबाईने निमूटपणे हात पुढे केला. साहेब, ही सगळ्या जगात एकच बाई असेल, जिने दुसरीच्या लेकरासाठी स्वतःचे रक्त आई म्हणून दिले आणि ते खोटे पडणार हेही जिला माहीत होते. अहवाल आला : जुळत नाही. त्यावरून ठरले की प्रेत शिवकन्येचे नाही. ते बेवारस म्हणून पुरण्यात आले. डोक्याशी नंबर घातलेली फळी आहे. संतराम त्या दिवशी मारुतीला नारळ फोडून आला. प्रेताच्या पायात दोरा नव्हता, तेव्हा पोरगी जिवंत आहे, अशी त्याची खात्री होती.

९. गेल्या आठवड्यात मंजुळाबाईने शिवकन्येची कपड्यांची पेटी उन्हात घालायला काढली. पावसाळी ओल लागू नये, पोरगी आली की कपडे कोरडे मिळावेत, म्हणून. पायमोज्याच्या एका जोडीत तिला तो दोरा सापडला. कवडीसकट. कात्रीने कापलेला, नीट गुंडाळून ठेवलेला. शिवकन्येची मैत्रीण दिपा हिने मग रडत सांगितले की, पेपरच्या आदल्या आठवड्यात कॉलेजात पोरी त्या दोऱ्याला हसल्या, म्हणून तिने तो काढला. याडीला वाईट वाटेल म्हणून घरी सांगितले नाही.

म्हणजे पाय उघडाच होता. म्हणजे संतरामने ज्याच्या जोरावर 'ही न्हाई' म्हटले, ते कारणच उरले नाही. आणि जुळले नाही ते पारुबाईचे रक्त, जे कधी जुळणारच नव्हते. फळीवर नंबर घालून जे पुरले आहे ते कोण आहे, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

तरी विनंती अशी की, त्या प्रेताचा जो नमुना राखून ठेवला असेल त्याच्याशी संतराम व मंजुळाबाई यांचे रक्त जुळवून पाहावे. जुळले, तर ती जागा आईबापाच्या ताब्यात द्यावी आणि नोंदीतला बेवारस हा शब्द खोडावा. न जुळले, तर पुलापासून, जगनला पहिल्यापासून विचारून, शोध पुन्हा सुरू करावा. न जुळो, अशी तिघांचीही देवाकडे मागणी आहे. पण न जुळायलासुद्धा आधी बापाचे रक्त लागते, हे संतरामला आता कळले आहे.

ओमप्रकाशवर अब्रूनुकसानीचा एक सणसणीत परिच्छेद लिहिणाऱ्याने येथे घातला होता. संतरामने तो काढायला लावला. म्हणाला, "त्याचं मागून बघू. अगोदर पोरीचं." लोक म्हणतील, बाप तिसऱ्यांदा पलटला. म्हणू द्यावे.

१०. एवढे लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याने 'अर्जदाराची मुलगी' असे शब्द शेवटी घालून मजकूर वाचून दाखवला. संतरामने हात वर केला. "असं न्हाई म्हणता येत. अगोदर परत घ्यावी लागती."

लिहिणारा म्हणाला, अहो, ती लग्नातली रीत. पारुबाईने पिशवीतून सूप काढले. तेच जुने, कडेला शेणाने सारवलेले. म्हणजे तिघे घरूनच ठरवून आले होते. संतरामने उपरण्याची गाठ सोडली, त्यात ज्वारी होती. तहसीलच्या फाटकाबाहेर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, पारुबाईने सुपात तो दोरा ठेवला आणि सूप पुढे धरले. संतरामने ज्वारी तिच्या पदरात ओतली. "घेतली गं बाई," तो म्हणाला. "दिली रे दादा," ती म्हणाली. लोक थांबले होते, कुणी मोबाइलही वर धरला होता.

सूप हातात आल्यावर संतरामला ते कुठे ठेवावे कळेना. त्यात दोऱ्याशिवाय काही नव्हते. मंजुळाबाईने ते त्याच्या हातून घेतले, मांडीवर ठेवले, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. कुणी तिला गप्प केले नाही.

मग संतराम लिहिणाऱ्याला म्हणाला, तुमची भाषा राहू द्या, मी सांगतो तसं लिवा. त्याचे शब्द, एक काना-मात्रा न बदलता, येणेप्रमाणे :

"साहेब, शिवकन्या माझी लेक हाय. दादा मी कोणाची, म्हणून ती मला रोज इचारायची, अन् मी तिला एकदाबी सांगितलं न्हाई. माझं रगत घ्या."

कळमनुरी,
दिनांक १४ जुलै २०२५

रक्त द्यायला बोलवाल तेव्हा हजर राहणारा,
शिवकन्येचा बाप
संतराम किसनराव पडोळे (सही)

मंजुळाबाई संतराम पडोळे, मुलीची आई (डाव्या अंगठ्याची निशाणी)
साक्षीदार : पारुबाई रूपसिंग आडे (डाव्या अंगठ्याची निशाणी)

सोबत : काळा दोरा एक, कवडीसह. तपासणी झाल्यावर परत मिळावा.